जळगावहून क्यू बाहेरगावी पाठवताना: पॅकिंग, पाइप आणि वाटेतले धोके

गिरणाकाठ, जळगाव (धागाकर्ता)

पूल-स्नूकर खेळायची काठी, आपण बोलताना जिला सरळ स्टिक म्हणतो, ती क्यू कुरिअरने पाठवण्याची वेळ खानदेशातल्या खेळाडूवर वरचेवर येते. टेबले इथे आहेत, पण फेरूल (टोकाजवळचे कडे) बदलायचे असो, दोन तुकडे जोडणाऱ्या जॉइंटची पिन सरळ करायची असो की नवी शाफ्ट (पुढचा बारीक तुकडा) करून घ्यायची असो, मला तरी त्यासाठी दर वेळी पुण्याचा नाहीतर मुंबईचा कारागीर गाठावा लागला आहे. जुनी क्यू विकणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. गेल्या तीन वर्षांत या बाबतीत जे शिकलो ते इथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी अवश्य दुरुस्ती सुचवावी.

पहिल्या वेळी काय झाले ते आधी सांगतो. कापडाच्या दुकानातून ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची जाड नळी मागून आणली. क्यूचे दोन्ही तुकडे एकमेकांना लावून टेपने घट्ट बांधले, त्यावर बबल रॅप गुंडाळला, नळीत सरकवले, दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावल्या आणि बाहेरून ठळक अक्षरांत 'नाजूक वस्तू' असे लिहिले. चार दिवसांनी कारागिराने फोटो पाठवला. शाफ्टचे टोक चकती फोडून दीड इंच बाहेर आले होते, फेरूलवर केसाएवढी उभी चीर गेली होती आणि टिपच्या (चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या) कडेला पुठ्ठ्याचा तपकिरी भुगा चिकटलेला होता. नळीला मात्र बाजूने एक चेपही नव्हती. तो फोटो मी बराच वेळ पाहत बसलो, कारण ज्या बाजूची मला काळजी होती त्या बाजूला काहीच झाले नव्हते.

लांबट पार्सल गोदामात उभे केले जाते, उभेच उतरवले जाते आणि हातातून निसटले तर टोकावरच आपटते. अशा वेळी आतली वस्तू किती अंतरात थांबते यावर सगळे अवलंबून असते. पार्सल एक मीटर उंचीवरून टोकावर पडले आणि आतली वस्तू २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सुमारे ५०० पट जोर येतो. तीच वस्तू ३ सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर थांबली, तर तो सुमारे ३३ पटींवर येतो. पूल क्यूचे बट (मागचा जाड तुकडा) धरा ४०० ग्रॅमचे. पहिल्या वेळी त्याच्यावर २०० किलोंचा भार येईल आणि दुसऱ्या वेळी साधारण १३ किलोंचा. शाफ्ट एकटी असेल तर तिचे वजन जेमतेम ११० ते १२० ग्रॅम भरते, म्हणजे गादी नीट असेल तर टिपवर येणारा भार चार किलोंच्या आसपास राहतो आणि तेवढा ती सहज सोसते. मी मात्र दोन्ही तुकडे एकत्र बांधून, शाफ्टचे टोक बटच्या थोडे पुढे ठेवून, बटचा सगळा भार १३ मिलिमीटरच्या टिपवर दिला होता. तेव्हापासून दोन्ही तुकडे मी वेगवेगळे गुंडाळतो, कधीही एकत्र बांधत नाही.

नळीचे उत्तर आपल्या गावातच आहे. जळगाव हे पाइपाचे आणि ठिबकचे गाव. शेतीच्या पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे इथे कोणत्याही पाइपच्या दुकानात मिळतात. हे पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात: ६३, ७५, ९०, ११० मिलिमीटर. २९-२९ इंचांचे दोन तुकडे असलेल्या पूल क्यूसाठी ९० मिलिमीटरचा, चार किलो दाबाचा पाइप मला योग्य वाटतो. ७५ मध्ये तुकडे बसतात, पण गुंडाळायला जागा उरत नाही. ११० मध्ये जागा इतकी उरते की भरावासाठी नको तेवढे सामान कोंबावे लागते. पाइपची लांबी ८५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे जॉइंटचे संरक्षक बूच लावल्यावरही दोन्ही टोकांना तीन-चार सेंटिमीटर गादीला मिळतात.

पाइप हॅक्सॉने कापल्यावर कडा कानशीने घासाव्यात आणि आतला भुसा काढण्यात हयगय करू नये. पीव्हीसीचा बारीक कीस नुसता झटकून जात नाही, तो पाइपच्या भिंतीला चिकटून राहतो. ओल्या फडक्याचा बोळा काठीला बांधून दोनदा आरपार फिरवावा लागतो आणि पाइप सावलीत पूर्ण वाळवावा लागतो. हा कीस गुंडाळीत शिरला तर बटच्या पॉलिशवर किती बारीक ओरखडे पडतात ते मी माझ्या दुसऱ्या पार्सलच्या वेळी पाहिले आहे.

एका टोकाची एंड कॅप सोल्यूशनने कायमची चिकटवावी, पण हे काम आदल्या दिवशी करावे आणि पाइप रात्रभर उघडा ठेवावा. त्या सोल्यूशनची वाफ बंद नळीत कोंडली तर क्यूचे लॅकर मऊ पडू शकते. दुसऱ्या टोकाची कॅप मी चिकटवत नाही. तीन बाजूंनी लहान स्क्रू लावतो, म्हणजे कारागिराला पाइप कापावा लागत नाही आणि त्याच पाइपातून क्यू परत येते.

आतली गुंडाळी साधी आहे. लाकडाला लागून प्रथम धुतलेले मऊ सुती कापड, घरातले जुने धोतर असेल तर सर्वांत उत्तम. त्यावर बबल रॅप. बबल रॅप थेट पॉलिशवर गुंडाळून पार्सल उन्हात तापले तर फुग्यांचे गोल ठसे लॅकरवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. वर्तमानपत्र तर लाकडाला लावूच नये. पांढऱ्या मेपलच्या लाकडावर शाईचा डाग लगेच दिसतो. चिकटपट्टी कापडाच्या किंवा बबल रॅपच्याच अंगावर बसावी, लाकडाला तिचा स्पर्शही होऊ नये.

टोकाच्या गादीसाठी मी आधी थर्माकोल वापरत असे. थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही, त्यामुळे दुसऱ्या आपटीला गादी उरत नाही. भांडी घासायचा स्पंज उलट इतका मऊ असतो की क्यू त्याला तळापर्यंत दाबते. आता मी टीव्ही, फ्रीजच्या खोक्यांत येतो त्या पांढऱ्या चिवट फोमच्या चकत्या वापरतो आणि अगदी टोकाला हवाई चपलेच्या तळव्याची एक चकती ठेवतो. सगळे बंद केल्यावर पाइप उभा धरून हलवावा आणि कान लावावा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर पाइप पुन्हा उघडावा. 'एवढ्याशाने काय होते' असे म्हणून तो पाठवू नये.

वजनाचा हिशेबही देतो. असे पार्सल दोन किलोंच्या आतबाहेर भरते. कुरिअरवाले सहसा लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात. ९० × १० × १० चे १.८ किलो होते, म्हणजे पाइपच्या वजनामुळे भाडे फारसे वाढत नाही.

पांझराकाठ, धुळे

फार उपयोगी माहिती दिलीत, गिरणाकाठ. माझा प्रश्न स्नूकरच्या क्यूबद्दल आहे. माझी क्यू तीन-चतुर्थांश जॉइंटची आहे. म्हणजे पुढचा तुकडा सुमारे ४२ इंच आणि मागचे बट १६ इंचांचे. शाफ्ट ॲश लाकडाची आहे, टिप साडेनऊ मिलिमीटरची आणि फेरूल पितळी. एवढ्या लांब तुकड्यासाठी पाइपची लांबी सव्वा मीटरच्या जवळ जाते. एवढी लांब नळी वाटेत मध्येच वाकणार तर नाही ना? शिवाय शाफ्टला नुकतेच जवसाचे तेल लावले आहे. लगेच पाठवली तर चालेल का?

गिरणाकाठ, जळगाव

पीव्हीसीचा ९० मिलिमीटरचा पाइप सव्वा मीटर लांबीत हाताने वाकवून पाहा, वाकत नाही. पण दोन टोके टेकलेली आणि मधोमध जड खोके पडलेले अशी स्थिती गाडीत येऊ शकते, म्हणून एवढ्या लांबीसाठी मी चार किलोऐवजी सहा किलो दाबाचा पाइप घेईन. त्याची भिंत जाड असते. लांबीची मर्यादा मात्र पाइप कापण्याआधीच विचारून घ्या, कारण एक मीटरपेक्षा लांब पार्सल घ्यायला काही ठिकाणी नकार मिळतो किंवा वेगळे भाडे पडते. बटचा १६ इंचांचा तुकडा शाफ्टच्या जाड टोकाकडे ठेवा आणि उरलेल्या पोकळीत गुंडाळलेल्या कापडाची घट्ट वळकटी भरा, नाहीतर ते बट पाइपात दोन फूट धावत जाईल आणि फेरूलवर आदळेल.

तेलाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लगेच पाठवू नका. जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनने वाळते. ताजे तेल लावलेली शाफ्ट प्लास्टिकमध्ये बंद केली तर ते चिकट राहते आणि कापडाचे तंतू त्यात रुततात. तेल पुसून काढल्यावर निदान चार-पाच दिवस उघड्यावर, सावलीत जाऊ द्या. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो: तेल पुसलेले फडके पार्सलमध्ये किंवा घरात गोळा करून कधीही ठेवू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

तापीतीर, भुसावळ

मी रेल्वेच्या गावात राहतो आणि पार्सलच्या गाड्यांची चढउतार लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून एक त्रुटी दाखवतो. गोल पाइप गडगडतो. ढिगावर ठेवला की खाली येतो आणि खाली आला की त्याच्यावर पाय पडतो. पाइपच्या दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी चकत्या, मधोमध भोक पाडून, घट्ट बसवाव्यात. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी फार चांगला. रावेर-यावलकडचा माल ज्या खोक्यांत जातो ती खोकी वजन पेलण्यासाठीच बनवलेली असतात. चकतीची बाजू पाइपच्या व्यासापेक्षा तीन-चार सेंटिमीटरने मोठी ठेवली की पार्सल जागचे हलत नाही. आकारमानाचे वजन त्यामुळे वाढते हे खरे, तरीही मी तो खर्च करतो.

विषयाला लागूनच एक आठवण नोंदवतो. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाला असे मानले जाते, आणि मुंबईहून जबलपूरला जाणारा लोहमार्ग १८७० मध्येच पूर्ण झाला होता, आमच्या भुसावळवरून. त्या अधिकाऱ्यांच्या क्यू याच मार्गाने गेल्या असतील असे मला नेहमी वाटते. जुन्या इंग्रजी क्यूबरोबर काळ्या रंगाच्या पत्र्याच्या लांब नळ्या येत. अशी एक नळी मी हाताळली आहे. बाहेर ताठ नळी आणि आत मऊ आवरण, ही रचना तीच आहे, फक्त पत्र्याच्या जागी पीव्हीसी आले आहे.

सातपुडा पायथा, शहादा

पाइपला माझा विरोध नाही, पण तो प्रत्येकाला जमण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे क्यूची कडक केस आहे त्यांनी केसमध्येच क्यू ठेवून केस लांबट खोक्यात पाठवावी, असे माझे मत आहे. मी अशी चार पार्सले पाठवली असून चारही सुखरूप पोहोचली. अट एवढीच की केसच्या आतल्या खाचेत तुकडा हलत असेल तर तिथेही कापड भरले पाहिजे, कारण केस खांद्यावरून नेण्यासाठी बनवलेली असते, फेकली जाण्यासाठी नव्हे. केसच्या खिशातले टिपला लावायचे चॉक, टिपची कानस, जॉइंटची किल्ली हे सगळे आधी बाहेर काढावे. माझ्या एका मित्राच्या केसमध्ये चॉकचा घन फुटला आणि निळी पूड बटच्या लिननच्या पकडीत इतकी मुरली की ती पकड बदलूनच घ्यावी लागली.

दुसरे, आपट्यांइतकीच काळजी हवेची घ्यावी. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या अंगाने दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. एका बाजूने लवकर आणि दुसऱ्या बाजूने उशिरा हा बदल झाला की शाफ्ट वाकते. आमच्याकडे मे महिन्याची कोरडी हवा आणि मुंबईची जुलैतली हवा यांत फार मोठा फरक आहे. म्हणून मी गुंडाळलेला प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या लांब पिशवीत घालून तोंड बंद करतो. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दोन टाकतो, उन्हाळ्यात एकही नाही, कारण आधीच कोरड्या लाकडातून आणखी पाणी ओढून घेण्यात काही अर्थ नाही.

गिरणाकाठ, जळगाव

पिशवीची सूचना मान्य आहे. पुढच्या वेळेपासून मीही तसेच करीन. केसबद्दल मात्र थोडी भर घालतो. केसला खोक्यात सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भराव हवा आणि खोके लांबट असल्यामुळे मधोमध कमकुवत असते, म्हणून एका अंगाने लाकडाची सरळ पट्टी बांधावी. एवढे केले की वजन पाइपइतकेच होते.

उन्हाळ्याचा उल्लेख झालाच आहे तर तोही मुद्दा पूर्ण करतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो आणखी २० अंशांनी सहज चढतो. घरगुती इपॉक्सी (गोंद) ५० ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि जॉइंटची पिन, फेरूल अनेकदा अशाच इपॉक्सीने बसवलेली असतात. त्या स्थितीत पार्सल आपटले तर जोड सुटतो. म्हणून या दोन महिन्यांत मी क्यू पाठवणे टाळतो. पाठवावीच लागली तर सोमवारी सकाळी देतो, म्हणजे पार्सल शनिवार-रविवार पत्र्याच्या गोदामात पडून राहत नाही. खासगी बसच्या डिकीतून पाठवण्याचा मोह मलाही झाला होता, कारण रात्री दिलेले पार्सल सकाळी पुण्यात मिळते, पण काही बसच्या डिकीची एक भिंत इंजिनाला लागून असते. पार्सल त्या भिंतीपासून दूर ठेवायला समोर उभे राहून सांगावे.

वाघूर, जामनेर रस्ता

मी जुन्या क्यू विकतो, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो. पार्सल गहाळ झाल्यास किंवा फुटल्यास भरपाई मागायची तर घोषित किंमत आणि बिल दोन्ही लागतात. विमा स्वतः मागून घ्यावा लागतो. माझे एक पार्सल फुटले तेव्हा मी किंमतच लिहिली नव्हती. जे हाती आले त्यात कुरिअरचे भाडेही निघाले नाही. आता पॅकिंगच्या प्रत्येक पायरीचा फोटो काढतो: क्यू जोडून सरळ पाहिलेली, फेरूल जवळून, पिन जवळून, मग गुंडाळी, मग बंद पाइप. घेणाऱ्यालाही उघडताना सलग व्हिडिओ काढायला सांगतो, कॅपच्या स्क्रूपासून सुरू करून.

जुन्या क्यूमध्ये फेरूल किंवा नक्षी हस्तिदंताची असू शकते. भारतात हस्तिदंताचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे आणि परदेशी पाठवणेही आंतरराष्ट्रीय करारामुळे अडते. शंका असेल तर अशी क्यू विकूही नये आणि पाठवूही नये. शिसवीच्या बटची क्यू परदेशी पाठवायची असेल तर २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींवर याच कराराचे निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वस्तूंना त्यांत काही सूट मिळाली, हेही ध्यानात ठेवावे.

जे स्वतः विमानाने नेणार आहेत त्यांच्यासाठी: क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ती चेक-इन सामानातच द्यावी लागते, आणि तिथेही ती फेकलीच जाते असे समजून पॅकिंग करावे.

पांझराकाठ, धुळे

क्यू पोहोचली. सहा किलोचा ९० मिलिमीटरचा पाइप घेतला, लांबी १२० सेंटिमीटर. तेल लावल्यापासून सहा दिवस थांबलो. तापीतीर यांनी सांगितल्याप्रमाणे केळीच्या खोक्याच्या चौकोनी चकत्या बसवल्या. त्यातली एक वाटेत पूर्ण चेपली गेली, त्याच टोकाच्या कॅपवर काळा ओरखडा आहे, म्हणजे पार्सल तिथेच आपटले होते. कारागिराने पार्सल आले तसे न उघडता एक दिवस दुकानात पडू दिले, मग उघडून शाफ्ट डोळ्यासमोर धरून पाहिली. सरळ आहे, आणि फेरूल-टिप जशी पाठवली तशीच आहे.

एक दुरुस्ती तेवढी सुचवतो, गिरणाकाठ. कॅपसाठी मी एक इंचाचे स्क्रू वापरले होते. कारागिराने उघडल्यावर फोटो पाठवला, त्यात एका स्क्रूचे टोक बबल रॅप फाडून सुती कापडापर्यंत पोहोचलेले दिसते. लाकूड जेमतेम वाचले. परतीसाठी त्याने अर्ध्या इंचाचे स्क्रू लावले असून कॅपच्या आत पुठ्ठ्याचे एक कडे बसवले आहे.

गिरणाकाठ, जळगाव

स्क्रूची लांबी मूळ लेखात लिहायला हवी होती. ती अर्धा इंचच असावी, आणि पुठ्ठ्याचे कडेही ठेवावे. धाग्याच्या सुरुवातीला ही दुरुस्ती टाकत आहे.